पोराला कारखान्यात लावण्याआधी : सुरक्षिततेचे मानांकन आपणच कसे काढायचे

दहावी-आयटीआयचे निकाल लागले की बेळगावकडच्या येळ्ळूर, मच्छे, किणये, खानापूर भागातले पालक आमच्याकडे विचारायला येतात. पोराला कुठं लावू? पगार किती, ओटी (जादा कामाचे पैसे) मिळते का, गावातून बस आहे का, हे तीन प्रश्न ठरलेले. चौथा प्रश्न मी स्वतः बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत 22 वर्षे काढल्यावर शिकलो : तिथं दहा वर्षे काम केलेली माणसं आज कशी आहेत?

माझा चुलतभाऊ एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, फेटलिंगला होता. कास्टिंगला (ओतून तयार झालेल्या नगाला) चिकटलेली वाळू आणि जादा लोखंड ग्राइंडरने घासून काढायचे काम. खोकला लागला, टीबी म्हणून औषधे झाली, कोर्स पुरा झाला, खोकला तसाच. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी विचारले, ‘काम काय करता?’ तेव्हा कुठे सिलिकोसिसचे, म्हणजे वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात साचून होणाऱ्या आजाराचे, निदान झाले. त्या फाउंड्रीच्या ऑफिसात सेफ्टी ऑडिटचे प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेले होते, आणि गेटवर ‘अपघातमुक्त दिवस’ मोजणारा फलक होता. फलकावरचा आकडा खोटा नव्हता. फुफ्फुसात साचत जाणारी वाळू त्यांच्या मोजणीत बसतच नव्हती.

तेव्हापासून आम्ही काही जण आपल्या भागातले कारखाने स्वतः बघून, कामगारांना विचारून, त्यांना गुण देतो. बचत गट, युवक मंडळ, कामगार संघटना, निवृत्त कामगारांचा कट्टा, कुणालाही हे करता येईल. आम्ही चुकत चुकत बसवलेली पद्धत इथे सविस्तर देतो.

आधी हे ठरवा : पैसे कुणाचे?

2012 च्या सप्टेंबरमध्ये कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि 250 हून अधिक कामगार गेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. त्याच्या काही आठवडे आधी त्या कारखान्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेले होते, आणि अशा तपासणीची फी सहसा कारखानाच भरतो. पुढच्याच वर्षी, 24 एप्रिल 2013 ला, ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून 1,100 हून अधिक माणसे मेली. त्यानंतर बांगलादेशात कंपन्या आणि कामगार संघटनांनी जो करार केला, त्यात इंजिनिअरांनी केलेल्या तपासणीचे अहवाल कारखान्यागणिक लोकांसमोर ठेवले गेले. आपल्याकडे गुरगाव-मानेसर पट्ट्यात ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था बोटे गमावलेल्या कामगारांच्या नोंदी ठेवते आणि त्यावरून मोठ्या वाहन कंपन्यांना जाब विचारते. या उदाहरणांतून मी एवढेच घेतले : ज्याचे मानांकन करायचे त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि जे दिसले ते दडवायचे नाही.

म्हणून गट बांधतानाच नियम लिहून काढा. कारखान्याकडून मानधन, देणगी, दिवाळीची भेट काही नको. गटातल्या कुणाचा भाऊ तिथे मॅनेजर असेल किंवा कुणी तिथे माल पुरवत असेल, तर त्या कारखान्यापुरते त्याने बाजूला बसायचे. चार-पाच माणसे पुरतात. एक जुना कामगार, एक वायरिंग कळणारा, एक बाई (बायका बायकांपाशीच मोकळ्या होतात), आणि एक कन्नड लिहिता-वाचता येणारा. तो का लागतो ते कागदांच्या पायरीत येईल.

सारखे सारख्याशी लावा

फाउंड्रीची तुलना मशीन शॉपशी (लेथ, प्रेसवर नग घडवणाऱ्या कारखान्याशी) करू नका, मशीन शॉपची साखर कारखान्याशी करू नका. एकाच धंद्यातले पाच-सहा कारखाने घ्या. आणि कंपनीला गुण देऊ नका, जागेला द्या. एकाच मालकाचे उद्यमबागेतले युनिट टापटीप असते आणि दुसरीकडचे बघवत नाही, असे अनेकदा दिसते.

छोट्या जागांनाही धरा, उलट त्यांनाच आधी धरा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात विजेवर चालणाऱ्या ‘कारखान्या’ची व्याख्या 10 कामगारांवरून 20 वर गेली. आपल्याकडच्या कितीतरी शॉपमध्ये बारा-पंधरा माणसेच असतात. तिथे सरकारी नजर आणखी विरळ होणार, म्हणून आपली हवी. पुढे मी जे आकडे देतो ते बहुतेक 1948 च्या कारखाने कायद्यातले आहेत. मोजपट्टी म्हणून ते अजूनही पक्के आहेत.

कागद

कारखान्यांची तपासणी करणारे कारखाने व बॉयलर खाते सरकारी आहे, त्यामुळे माहिती अधिकार चालतो. अर्जाची फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा राज्याच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे इथे कन्नड. मराठीत लिहून तो परत आला की महिना वाया जातो. मागायचे एवढेच : परवान्यावर किती कामगार आहेत, गेल्या पाच वर्षांत अपघाताच्या किती सूचना आल्या, तपासणी कधी झाली, त्रुटी कोणत्या निघाल्या, खटला झाला का.

आलेला अपघातांचा आकडा तसाच वापरू नका. 60 कामगार, रोज 8 तास, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 1,44,000 तास. दर दहा लाख तासांमागे किती अपघात, असा हिशेब जगभर करतात. या शॉपमध्ये वर्षात एक अपघात झाला तर दर येतो जवळपास 7, दोन झाले तर 14, एकही नाही तर शून्य. एका बोटाने आकडा एवढा उड्या मारतो. म्हणून छोट्या जागेचा एका वर्षाचा दर निरुपयोगी समजा, पाच वर्षांचा मिळून काढा.

आणि शून्य दिसले तर लगेच खूश होऊ नका. कायद्याने 48 तास किंवा जास्त काम बुडवणारी इजा कळवावी लागते. मी पाहिलेली गोष्ट सांगतो. एका हेल्परच्या दोन बोटांना नऊ टाके पडले. तिसऱ्या दिवशी त्याला गाडी पाठवून आणले आणि टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवले, पंख्याखाली, हात गळ्यात बांधलेला. हजेरी लागली, 48 तास भरले नाहीत, अपघात कागदावर आला नाही. मोठी इजा नोंदलेली आहे पण किरकोळ जखमांची, ‘थोडक्यात वाचलो’ची एकही नोंद नाही, अशी वही मला कोऱ्या वहीइतकीच संशयास्पद वाटते. ज्या शॉपमध्ये ‘आज साखळी निसटली, कुणाला लागले नाही’ असेही लिहिलेले सापडते, तिथे लोक बोलायला घाबरत नाहीत. त्याला गुण द्या.

गेटबाहेर

सगळ्या पायऱ्यांत मी याला सर्वांत जास्त वेळ देतो. कारखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर, शिफ्ट सुटल्यावर बसस्टॉपवर, आणि साप्ताहिक सुट्टीला कामगारांच्या खोल्यांवर जा. ओडिशा-बिहारकडची पोरे एकेका खोलीत सात-आठ जण राहतात. फर्नेसचे (भट्टीचे) आणि फेटलिंगचे जड काम आता बरेचसे त्यांच्याकडे आहे आणि त्यांना कुणीच काही विचारत नाही. एका जागेसाठी निदान दहा जणांशी बोला, त्यातले निम्मे ठेकेदाराचे असू देत.

‘सेफ्टी कशी आहे?’ असे विचारले की ‘चांगली आहे की’ एवढेच उत्तर येते. घडलेले विचारा. शेवटचं कुणाला लागलं? कुठल्या मशीनवर? कुठल्या दवाखान्यात नेलं, कशातून नेलं? बिल कुणी भरलं? तो आता कुठं आहे? मशीन दुसऱ्या दिवशी होतं तसंच चालू केलं का?

एका मोल्डरने (वाळूचे साचे करणाऱ्या कामगाराने) मला सांगितले, ‘‘मास्क देतात वो, खरं दोन तासांत घामानं भिजतोय, मग गळ्यात लोंबतोय. दुसरा मागितला तर म्हणतात, कालच दिला की.’’ कागदावर मास्कवाटप शंभर टक्के होते. या एका वाक्याने मला पूर्ण रजिस्टरपेक्षा जास्त कळले.

ईएसआयचा (कामगारांच्या सरकारी विम्याचा) प्रश्न नक्की विचारा : कार्ड इजा होण्याआधी आले की नंतर? दहा किंवा जास्त माणसे असली की महिना 21,000 रुपयांपर्यंतच्या पगाराला ईएसआय लागू होते, आणि कार्ड कामावर घेतानाच निघायला हवे. हात सापडल्यावर घाईने कार्ड काढणारी जागा कामगाराला माणूस म्हणून किती मोजते, ते तिथेच कळते. जिथे ईएसआय नाही तिथे 2025 पर्यंत कामगार भरपाई कायदा होता, आता ती तरतूद नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली, तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, असे लिहिलेले होते. हे आकडे कामगारांना सांगून या. बऱ्याच जणांना पाच-दहा हजार हातात देऊन सही घेतलेली असते.

दोघांनी एकमेकांना न भेटता तीच गोष्ट सांगितली तरच ती धरायची. नावे कुठेही लिहायची नाहीत, वहीतसुद्धा नाहीत. ‘फेटलिंग, ठेक्यावर, तीन वर्षे’ एवढी खूण पुरे.

आत

परवानगीशिवाय आत शिरू नका. तो गुन्हा आहे, आणि आत नेणाऱ्या कामगाराची नोकरी जाते. मालकाला साधे पत्र द्या. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, तेव्हा पुष्कळ कारखाने पाहुण्यांना आत घेतात. पण स्वच्छता त्याच आठवड्यात झालेली असते, हे ध्यानात ठेवा. परवानगी नाकारली तर मानांकन थांबत नाही. ‘बाहेरून केलेले, प्रवेश नाकारला’ असे ठळक लिहा.

फाउंड्री बघायची तर जुलैमध्ये जा. आपल्याकडचा पाऊस सगळे उघडे पाडतो. भंगार कुठे ठेवले आहे ते आधी बघा. वितळलेले लोखंड 1,400 अंशांच्या आसपास असते. त्यात ओले भंगार किंवा तोंड बंद असलेला डबा, शॉकॲब्सॉर्बर पडला की पाण्याची वाफ क्षणात दीड हजार पटीहून जास्त फुगते आणि लोखंड कारंज्यासारखे बाहेर उडते. भंगारावर छप्पर आहे का? भट्टीत टाकण्याआधी ते निवडतो कोण? मग फर्नेसपुढच्या खड्ड्यात वाकून बघा. गळती झाली तर लोखंड तिथे उतरायचे असते, म्हणून तो कोरडा ठणठणीत हवा. त्यात पाणी साचलेले दिसले तर बाकीचे काहीही चांगले असो, मी त्या जागेला लाल शेरा देतो. फर्नेसवरच्या माणसाच्या अंगात काय आहे तेही बघा. टेरिकॉटचा शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो, सुती कापड आणि चामड्याचा ॲप्रन हवा. बूट लेसचे नकोत, झटकन निघणारे हवेत. लॅडल (वितळलेले लोखंड वाहून न्यायचे भांडे) उचलणारी साखळी आणि क्रेन वर्षातून एकदा सक्षम माणसाकडून तपासलेली असावी लागते. तपासल्याची तारीख विचारा, आणि हुकाची खिट्टी जागेवर आहे का ते डोळ्याने बघा.

धुळीसाठी बॅटरी न्या. जिथे ग्राइंडिंग किंवा नॉक-आउट (वाळूचा साचा फोडून नग काढणे) चालू आहे तिथल्या अंधाऱ्या कोपऱ्यात झोत आडवा टाका आणि बॅटरीकडे तोंड करून, झोत डोळ्यावर येणार नाही असे तिरके उभे राहून बघा. एरवी स्वच्छ वाटणारी हवा झोतात उकळल्यासारखी दिसते. खरा घात करणारे सिलिकाचे कण तर याहूनही बारीक, डोळ्यांना न दिसणारे असतात. धूळ ओढणारे पंखे चालू आहेत का, त्यांची पिशवी भरून गच्च झाली आहे का, वाळूवर पाणी मारतात का ते बघा. शिफ्ट संपल्यावर माणसे कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरची धूळ उडवत असतील तर तेही लिहा, कारण ती धूळ शेजारच्याच्या नाकात जाते. वर्षाला छातीचा एक्स-रे आणि फुंकून घ्यायची फुफ्फुसाची चाचणी होते का, आणि तिचा रिपोर्ट कामगाराच्या हातात मिळतो का? रिपोर्ट फक्त ऑफिसात असेल तर निम्मेच गुण.

मशीन शॉपमध्ये पॉवर प्रेसपाशी थांबा आणि दहा स्ट्रोक बघा. दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नसेल तर चांगले. एक बटण चिकटपट्टीने किंवा लाकडाच्या पाचरीने कायमचे दाबून ठेवलेले असेल, तर दोष ऑपरेटरचा धरू नका. नगामागे पैसे मोजणाऱ्या टार्गेटचा धरा. बेंच ग्राइंडरचे चाक आणि पुढची टेकण यांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर नग आत ओढला जाऊन चाक फुटते. नवे चाक चढवण्याआधी लाकडाने हलके टकटक करून आवाज ऐकतात का, ते जुन्या फिटरला विचारा. तडा गेलेले चाक बद्द वाजते. लेथवर हातमोजे घालून, बाह्या सैल सोडून कुणी काम करत असेल तर नोंद करा.

आगीचे बघताना नकाशा मागू नका, चालत जा. सर्वांत आतल्या मशीनपासून दारापर्यंत स्वतः चाला आणि मध्ये काय अडवते ते लिहा. दार कुलूपबंद आहे का? माल उतरवायच्या बाजूचे शटर ऑपरेटरला आतून उघडता येते का? ऑगस्ट 2024 मध्ये बेळगावजवळ नावगे इथल्या कारखान्याला आग लागून एका तरुण कामगाराचा जीव गेला. तो लिफ्टमध्ये अडकला होता. तेव्हापासून मी माल-लिफ्ट वेगळी बघतो. ती दर सहा महिन्यांनी तपासलेली असावी लागते आणि आगीत वापरू नये, हे तिथल्या शेवटच्या हेल्परलाही माहीत हवे.

ते माहीत आहे का, हे विचारायचे त्याच्याच भाषेत. 1948 च्या कारखाने कायद्याचे कलम 108 सांगत असे की कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत असाव्यात. आपल्याकडे हा मुद्दा काढला की बोलणे लगेच सीमावादाकडे वळते. मानांकनात ते वळू देऊ नका. सुपरवायझर कन्नड, ऑपरेटर मराठी, हेल्पर ओडिया अशा शॉपमध्ये ‘हाय व्होल्टेज’ची पाटी तिघांनाही कळली पाहिजे. मी पाटीकडे बोट दाखवून विचारतो, ‘काय लिहिलंय?’ तिघांपैकी एकाला जरी सांगता आले नाही, तरी त्या पाटीचे गुण शून्य.

बाकीच्या धंद्यांचे थोडक्यात. वडगाव-खासबागेत घरातच चार-सहा माग चालतात. तिथे मालक स्वतःच कामगार असतो, त्यामुळे गुण देण्यापेक्षा पट्ट्यावर जाळी बसवा आणि कानात बोळे घाला एवढे पटवणे जास्त कामाचे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर कान जाणार हे नक्की. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत खकाणा (तंबाखूची बारीक धूळ) बाहेर जायला वाट आहे का, आणि बायकांना हात-तोंड धुवायला पाणी, जेवायला वेगळी जागा आहे का, ते बघा. साखर कारखान्यात मळीच्या टाकीत किंवा चेंबरमध्ये माणूस उतरवण्याआधी हवा मोजतात का, आणि वर दोरी धरून एक जण उभा असतो का, हे दोनच प्रश्न आधी विचारा. आत पडलेल्याला वाचवायला उतरलेला दुसराही अशा जागी मरतो.

गुण कसे द्यायचे

आम्ही 100 पैकी देतो. यंत्रे, फर्नेस आणि उचलायची साधने यांना 30, कामगारांच्या सांगण्याला 25, धूळ, आवाज आणि आरोग्य तपासणीला 20, आग, वीज आणि बाहेरच्या वाटांना 15, कागदांना 10. कागदांना एवढे कमी बघून एका मालकांनी तक्रार केली होती. पण कागद विकत मिळतात आणि कोरडा खड्डा रोज कोरडा ठेवावा लागतो, म्हणून मी ते वाढवलेले नाहीत.

मात्र बेरजेवर विसंबू नका. पहिल्या वर्षी आमची मोठी चूक हीच झाली. एका जागेला कँटीन, बूट, पाट्या, रजिस्टर मिळून 78 गुण पडले आणि तिथली मागची एकमेव वाट कुलूपबंद होती. म्हणून आता जीवघेण्या त्रुटींची वेगळी यादी आहे. बंद वाट, ओला खड्डा, बायपास केलेला (बटण दाबूनच ठेवलेला) प्रेस, उघडी जिवंत वायर, हवा न मोजता टाकीत उतरणे. यातली एक जरी सापडली तरी शेरा लाल, बेरीज काहीही असो. त्याखेरीज 75 च्या वर हिरवा, 50 ते 75 पिवळा, त्याखाली लाल.

दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे आणि मगच वह्या उघडायच्या. दहापेक्षा जास्त फरक पडला तर मध्य काढून मोकळे होऊ नका. पुन्हा जा. बहुतेक वेळा एकाने काहीतरी पाहिलेले असते जे दुसऱ्याने पाहिलेले नसते.

जाहीर करण्याआधी

मालकाला लेखी कळवा आणि 15 दिवस द्या. जीवघेणी त्रुटी असेल तर 15 दिवस थांबू नका, त्याच दिवशी फोन करा, आणि दाद लागली नाही तर खात्याला लिहा. अहवालात विशेषणे नकोत. ‘मालक निष्काळजी आहे’ असे न लिहिता ‘अमुक तारखेला सकाळी साडेअकराला मागचे दार कुलूपबंद होते, किल्ली सुपरवायझरकडे होती, तो जेवायला गेला होता’ असे लिहा. फोटो परवानगी असेल तरच काढा. मालकाचे उत्तर आले तर ते जसेच्या तसे जोडा.

ते 78 गुणांचे शॉप आम्ही लाल केले तेव्हा मालकांनी महिनाभर फोन उचलला नाही. मग एक दिवस त्यांनी स्वतःच बोलावले. मागच्या दाराला कुलपाऐवजी आतून ढकलून उघडणारा आडवा दांडा बसवला होता. मी सर्वांत आतल्या ग्राइंडरपासून चालत निघालो, पोत्यांची एक थप्पी अजून वाटेत होती, ती त्यांनी माझ्यासमोर हलवायला लावली, आणि दांडा कोपराने ढकलून मी बाहेर आलो. 78 गुण असले तरी लगेच हिरवा न करता शेरा पिवळा केला. पुढची भेट सहा महिन्यांनी, न कळवता, असे त्यांच्याकडून लिहून घेतले आहे.